तुर्कस्तानची पत्रं आणि आमचं इंग्रजी

मी इंग्रजी शिकवत होते, पण मला इंग्रजी बोलता येत नव्हतं. तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नसतं.

नव्वदच्या दशकात पुलगावला माझी शाळा झाली. इंग्रजी पाचवीपासून होतं. आमचे सर धड्यातलं एक वाक्य वाचायचे, त्याचं मराठी सांगायचे, मग पुढचं वाक्य. अशी सहा वर्षं गेली. माझं व्याकरण पक्कं झालं, शब्द पाठ झाले, मार्कही चांगले पडले. पुढे बी.ए., बी.एड. करून कारंजा (घाडगे)जवळच्या एका गावात मी शिक्षिका म्हणून लागले आणि माझ्या सरांसारखीच शिकवू लागले. एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत. पोरं माना डोलवायची. आमचं बरं चाललं होतं.

मग दोन हजार चार-पाचच्या सुमारास वर्ध्याला एक प्रशिक्षण झालं. तिथं शिकवायला आलेल्या एका तरुण मॅडमनी सांगितलं, की इंटरनेटवर इंग्रजीचे धडे फुकट मिळतात, ऐकायलासुद्धा मिळतात. त्यांनी फळ्यावर एका वेबसाइटचा पत्ता लिहिला. सगळ्यांनी तो वहीत उतरवून घेतला. वही मिटली की बहुतेकांचं प्रशिक्षण संपायचं. माझंही संपलं असतं, पण मी राहत होते कारंज्याच्या बसस्टँडमागे आणि बसस्टँडसमोर नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता.

आधी ते एसटीडीचं दुकान होतं. लोकांच्या हातात मोबाइल आले तसे तिथले फोन गप्प झाले. दुकानदार भाऊंनी मग दोन कॉम्प्युटर आणले, मध्ये प्लायवूडची फळी ठोकली आणि नवी पाटी लावली. पोरं तिथं बोर्डाचा निकाल पाहायला यायची, नाही तर नोकरीचे फॉर्म भरायला. मी गेले तेव्हा भाऊंनी विचारलं, "मॅडम, रिझल्ट पाहाचा का कोनाचा?"

"नाही भाऊ. इंग्रजी ऐकायचं आहे."

"ऐकाचं?" भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टेबलाच्या खणातून हेडफोन काढून दिला.

पान उघडायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात भाऊंचा चहा पिऊन झाला. मग एका बाईचा आवाज आला. सावकाश, स्वच्छ. आठवड्याचे वार सांगत होती. सोमवार, मंगळवार ठीक झाले. तिसऱ्या वाराला ती म्हणाली, "वेन्झडे." मी धडा मागे घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा वेन्झडेच! आयुष्यभर मी वेडनसडे म्हणत होते. पुढे भाज्या आल्या आणि माझं 'व्हेजिटेबल'ही गेलं. तासाभरात वहीची दोन पानं भरली. डावीकडे मी काय म्हणत होते ते, उजवीकडे ती बाई काय म्हणते ते, सगळं देवनागरीत. पुटपुटत, पेन्सिल चालवत बसलेली मला पाहून भाऊंना राहवेना.

"मॅडम, येवढं काय लिहून राहिल्या तुमी?"

मी सांगितलं. भाऊ हसले, खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हेडफोन काढून त्यांनी स्पीकर लावला. "मलेबी ऐकू द्या. मी तर दुकानाच्या पाटीवरचं इंग्रजीबी पेंटरच्या भरवशावर लिहिलं."

त्या दिवशी आम्ही दोघं मोठ्यानं म्हणत होतो, "वेन्झडे, वेन्झडे," आणि बाहेर एसटीची वाट पाहणारी माणसं वाकून आत बघत होती.

रात्रभर मी विचार केला, की पोरांना सांगावं की नाही. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात गेले, फळ्यावर पाच शब्द लिहिले आणि म्हटलं, "हे शब्द मी तुम्हाला चुकीचे शिकवले. मलाच ठाऊक नव्हतं. काल कळलं."

एक पोरगी उठली. "मॅडम, म्हंजे तुमचंबी चुकते?"

"चुकतं ना."

वर्गात एकच हशा उसळला. मला वाटलं, गेली आपली इज्जत. पण त्या दिवसापासून जे पोट्टे कधी तोंड उघडत नव्हते ते बोलायला लागले. मॅडमचं चुकतं तर आपलं चुकलं म्हणून काय झालं! दर सोमवारी शंकेच्या शब्दांची एक यादी माझ्या टेबलावर असायची आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी ती घेऊन सायबर कॅफेत.

मुख्याध्यापकांच्या कानावर गेलंच. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. जुने, शिस्तीचे, पण मनानं मायाळू. म्हणाले, "मॅडम, पोरांसमोर चूक कबूल नसते कराची. धाक राहत नाही. आपलं प्रोनाउन्सिएशन कसंबी असो, ठासून बोलाचं."

मी खाली मान घालून उभी. त्यांना शंका आली. उठून त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "प्रोनाउन्सिएशन... हे तरी बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "सर, प्रनन्सिएशन."

ते खुर्चीत बसले. थोड्या वेळानं त्यांचं पोट हलायला लागलं आणि मग ते इतके हसले, की शिपाई काय झालं म्हणून दारात आला. त्यानंतर शनिवारी मला अर्धा तास लवकर सुटी मिळायला लागली. इतर काही ते बोलले नाहीत.

त्याच वेबसाइटवर शिक्षकांसाठी एक पान होतं. दोन देशांतले वर्ग एकमेकांना इंग्रजीत पत्रं लिहू शकतात, तेही फुकट. मी आमचं नाव टाकलं. पाच-सहा आठवडे कुणी विचारलं नाही. मग एका शनिवारी भाऊ दुकानाच्या पायरीवरच उभे. "मॅडम, पत्र आलं तुमचं! इकडून तिकडून नाही, तुर्कस्तानातून!"

एका छोट्या गावातल्या शिक्षिकेचं पत्र होतं. तिचा वर्गही आठवीचाच. मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरांची तोंडं उतरली. त्यांना इंग्लंड पाहिजे होतं, निदान अमेरिका तरी.

"मॅडम, त्यायले तरी इंग्रजी येते का?"

"आपल्याएवढंच येतं."

"मंग आपन काऊन लिहाचं त्यायले?"

तरी लिहिलं. प्रत्येकानं तीन-तीन वाक्यं. आमच्या गावात देऊळ आहे. माझ्याकडे शेळी आहे. मला क्रिकेट आवडतं. मी दोन बोटांनी टाइप करू लागले, पण एका पत्रातच थकले. शेवटी भाऊंनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि मी वाचत गेले.

उत्तरं आली ती भाऊंनी कागदावर छापून दिली. वर्गात एकेकानं एकेक पत्र वाचायचं ठरलं. तिथल्या एका मुलीचं पत्र होतं, "माय मदर पिक कॉटन. हर फिंगर इज पेन."

वाचणारा थांबला. वर्गही थांबला. कापूस? तिकडं?

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. हजेरीपलीकडे तिचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. तिची आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. तिनं हात वर केला.

"मॅडम, 'पिक' नाही. 'पिक्स' पायजे. एस राह्यला."

मी म्हटलं, "बरोबर. मदर एकच आहे ना."

ती खाली बसली नाही. "आन् मॅडम, माह्या मायच्या बोटालेबी असंच होते. बोंडाचं टोक लागते. तिले लिहू का मी?"

तिनं तीन नाही, अकरा वाक्यं लिहिली. प्रत्येक क्रियापदाला जिथं लागतो तिथं एस लावला आणि उत्साहात जिथं लागत नाही तिथंही लावला. मी एकही काढला नाही.

पुढच्या महिन्यात भाऊंना नवी कल्पना सुचली. हेडफोनला माइक होता, कॉम्प्युटर एक मिनिटापर्यंत आवाज भरून घ्यायचा. "पत्र कायले? पोरीले बोलूच द्या ना."

बाजाराच्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन आली. आई दारातच उभी राहिली, पायातल्या चपला काढून. मी हाताला धरून आत आणलं. मुलगी माइकसमोर बसली, एक मिनिट बोलली आणि शेवटच्या वाक्याला वीज गेली. दोन तासांनी आली. ती पुन्हा बोलली, या वेळी पहिल्यापेक्षा चांगलं. फाइल जायला पाऊण तास लागला. भाऊ पडद्यावरची निळी पट्टी सरकताना असे पाहत होते जसं कुणी बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं असावं.

पंधरा दिवसांनी तिकडच्या मुलीचा आवाज आला. आम्ही आईच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं, शब्द एकही कळला नाही, पण चेहरा फुलत गेला.

"काय म्हनते व ही?"

"माय, तिच्या मायनं इचारलं, तू बोटाले काय लावतं म्हून."

"खोबऱ्याचं तेल म्हना. रोज झोपाच्या आधी. आन् चिंधी बांधजो म्हना."

आम्ही ते इंग्रजीत घातलं. चिंधीला शब्द शोधताना मला घाम फुटला. उत्तर आलं, की तिकडं नारळ होत नाही, तिकडच्या बाया ऑलिव्हचं तेल लावतात, पण चिंधी त्याही बांधतात. आईनं विचारलं, "ऑलिव्ह म्हंजे काय?" कारंज्यात ते कुणी पाहिलं नव्हतं. भाऊंनी चित्र शोधून दाखवलं. आई निरखून म्हणाली, "बोरंच होय हे," आणि विषय संपला.

ही देवाणघेवाण दोन वर्षं चालली. शेवटच्या बाकावरची ती मुलगी पुढं नर्सिंगला गेली. मुलाखतीत इंग्रजीत प्रश्न विचारले तर तिनं उलट एक प्रश्न विचारला, असं तिनं मला सांगितलं आणि आम्ही दोघी खूप हसलो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते दुसऱ्या वर्षीचं स्नेहसंमेलन. तिकडच्या सगळ्या वर्गानं मिळून एक निरोप पाठवला होता. भाऊ त्याची सीडी करून स्कूटरवरून स्वतः घेऊन आले. मंडपात अख्खं गाव बसलेलं. भोंग्यातून पोरापोरींचा एकत्र आवाज निघाला, "गुड इव्हनिंग, फ्रेंड्स! हाऊ इज युवर कॉटन धिस इयर?"

आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. ती मुलगी माइकवर आली आणि म्हणाली, "ते इचारून राह्यले, औंदा तुमचा कापूस कसा हाये?"

मग मागून, बैलगाडीला टेकून उभे असलेले एक म्हातारे बाबा भोंग्याकडे तोंड करून ओरडले, "बरा हाये, बाप्पा! तुमचा कसा हाये?"