साडूचे आठ किलो

उड्डाणाआधी माणसं तोलायची, हे त्याचं काम. चार प्रवासी बसतील एवढंसं खासगी विमान. धबधबा, विझलेला ज्वालामुखी आणि खोल दरी चाळीस मिनिटांत वरून दाखवून परत आणायचं. हा धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या खोलीत काट्यापाशी बसे. काट्याची तबकडी त्याच्याकडे तोंड करून होती. वजन मोठ्यानं सांगायचं नाही, मुकाट्यानं तक्त्यात लिहायचं, असा तिथला शिरस्ता. तरीही एकोणीस वर्षांत पोट आत ओढणारी, श्वास धरून ठेवणारी हजारो माणसं त्यानं पाहिली. धबधबा तेवढा राहून गेला. नोकरांना रिकामी जागा फुकट होती. पण हंगामात जागा रिकामी नसे, आणि हंगाम सरला की विमान दुरुस्तीला जाई. मालक शब्दाचा पक्का होता, विमानच नसायचं.

बायकोलाही तो दरवर्षी "पुढच्या हंगामात नक्की" म्हणे. ती हसून भाजी चिरत राही.

आणि एके सकाळी साडू आला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, फरशांचा धंदा, बोलणं दुकानातल्यासारखंच गुळगुळीत. त्यानं चारही जागा घेतल्या होत्या : स्वतःला, बायकोला, सासूबाईंना आणि चौथी याच्या बायकोला.

"तुम्हाला काय साडूभाऊ, रोजचंच आहे," साडू म्हणाला. "पाचवी जागा असती तर तीही घेतली असती!"

"हो ना," हा म्हणाला.

"या जावयानं हौस पुरवली हो माझी," सासूबाई काट्यावर चढता चढता म्हणाल्या. दुसऱ्या जावयानं त्यांचे चोपन्न किलो लिहून घेतले.

मेहुणी सहासष्ट. बायको त्रेसष्ट, तिनं नवे बूट घातले होते आणि एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघून ती लाजली. हे लाजणं साडूच्या खर्चानं आलं होतं.

साडू काट्यावर चढला. एकोणनव्वद. यानं नीट विचार करून सत्त्याण्णव लिहिलं. वजन जास्त भरलं की सगळ्यांत जाड माणसाला पुढच्या फेरीला थांबवायचं, हा नियम त्याला तोंडपाठ होता. साडू खाली राहील, बायकोचा हात धरून सासूबाई वर जातील, एवढंच त्याला हवं होतं.

वैमानिकानं बेरीज केली. "दोनशे ऐंशी. पाच किलो जास्त. कोणीतरी थांबा."

"मी थांबते," बायको लगेच म्हणाली. "मी तशीही फुकटातली." आणि बूट सोडायला खाली बसली, जणू ते परत करायचे होते.

"ताई, असं काय गं!" मेहुणी म्हणाली. साडूनं "अरेरे" म्हटलं, पण विमानाकडे दोन पावलं टाकून.

आता चूक काट्यावर ढकलावी, तर काटा तपासून येईपर्यंत दिवसभर उड्डाण बंद. यानं तक्ता वैमानिकाच्या हातातून ओढून घेतला.

"काटा बरोबर आहे. साडूभाऊ एकोणनव्वदच आहेत. आठ मी चढवले."

"का?" वैमानिकानं विचारलं.

"जळलो," हा म्हणाला.

सासूबाईंनी "बाई गं" केलं. साडूनं पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "एकोणनव्वद? एवढं आहे होय?"

बायकोनं बुटाची नाडी पुन्हा बांधली, घट्ट, दोन गाठी मारून. जाताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

चाळीस मिनिटांनी चौघं उतरली ती एकदम बोलतच. "ती तांबडी कपार पाहिलीस?" "आणि तिच्यामागची बारीक धार!" बायको हातवारे करत होती. इतकं भरभर बोलताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"कुठली धार?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, सांगायला तोंड उघडलं आणि मग साडूकडे वळून म्हणाली, "तुम्हीच सांगा हो यांना. मला नाही सांगता येत."

साडू सांगायला लागला. अगदी सविस्तर.