तात्याच्या पिंजऱ्यातली ट्यूब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यात आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या घरी कधी जेवायला येणार नाही म्हणून असेल.

आमच्याकडे एक सरडा होता. हसू नका. कॅमेलियन म्हटलं की लोक जरा गंभीर होतात, पण शेवटी सरडाच तो— हिरवागार, डोक्यावर पगडीसारखा तुरा, एक डोळा आपल्यावर आणि दुसरा भिंतीवर. माझ्या मुलीनं, ईरानं, त्याचं नाव तात्या ठेवलं. एकेक पाऊल उचलण्याआधी तो मागेपुढे डुलत इतका विचार करायचा की दुसरं नाव शोभलंच नसतं.

तो आमचा नव्हता. नवऱ्याचा एक मित्र इथे, सिंगापूरला, विद्यापीठात पोस्टडॉक संशोधन करत होता. वडील आजारी पडले म्हणून तो घाईघाईत भारतात निघाला, थोड्या दिवसांसाठी म्हणून पिंजरा आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये ठेवून गेला, आणि परत आलाच नाही. जाताना त्यानं दोन गोष्टी बजावल्या. एक— सिंगापूरमध्ये हा प्राणी पाळायला परवानगी नाही, कुणाला दिसू देऊ नका. दोन— पिंजऱ्यावरच्या ट्यूबमधून उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण येतात, त्यांच्याशिवाय याच्या हाडांना कॅल्शियम लागत नाही. ट्यूब पेटलेली दिसते, पण आतले किरण संपत जातात, तेव्हा ती अधूनमधून बदलायची.

दुसरी गोष्ट फक्त मी ऐकली. नवरा तेव्हा बॅगा घेऊन खाली टॅक्सीपाशी होता आणि ईरा पिंजऱ्याला नाक लावून बसली होती.

पहिली गोष्ट मात्र मी अशी पाळली की विचारू नका. इथल्या फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर असतं— जाड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. लोक तिथे तांदूळ आणि सुटकेसा ठेवतात, आम्ही तात्याला ठेवलं. पाहुणे आले की दार लोटायचं. किडे आणायचे पक्ष्यांच्या दुकानातून, आणि विचारलंच तर सांगायचं की घरी बुलबुल आहे. नवरा म्हणायचा, सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याच्या नशिबी कुंपणही नाही. तेव्हा आम्ही सगळेच हसायचो.

एक सांगायला हवं— आमचं घर माझ्या पासवर, म्हणजे इथे काम करायच्या परवान्यावर, उभं होतं. नोकरी माझी, चांगी बिझनेस पार्कमध्ये, एका बँकेच्या बॅक ऑफिसात. नवरा आणि ईरा डिपेंडंट. त्या वर्षी ऑफिसात माणसं कमी होत होती आणि माझा पास रिन्यू व्हायचा होता. सकाळी लिफ्टमध्ये कुणी नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं तरी मी त्यात दुसरा काही अर्थ शोधत बसायचे. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. की सांगतेय? मला स्वतःलाच कळत नाही.

तर ट्यूब बदलायची वेळ आली. ती परदेशातून मागवावी लागणार होती. मी फोनवर ऑर्डर भरत आणली, आणि शेवटच्या क्षणी खोक्याचा फोटो पाहिला. वर भलामोठा सरडा छापलेला. आणि त्या खोक्यावर माझं नाव, माझा पत्ता. कस्टममध्ये कुणी ते खोकं हातात घेतलंय असं डोळ्यांसमोर आलं आणि मी ऑर्डर बंद केली.

मग मी काय केलं? खालच्या विजेच्या दुकानात गेले आणि त्याच मापाची साधी ट्यूब आणली, स्वयंपाकघरात लावतात तसली. ती पिंजऱ्यावर बसवली. ईरानं विचारलं, नवीन आली? मी म्हटलं, हो, आली. तिनं टाळ्या वाजवल्या. जुन्यापेक्षा उजेड जास्तच होता, खरंच.

पुढे बरेच महिने काही झालं नाही. काही झालं नाही म्हणजे मला दिसलं नाही. ईराला दिसलं. एक दिवस ती तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, तात्याची जीभ शॉर्ट पडते. ही कॅनॉट रीच, लाह." किडा समोर असायचा, जीभ सुटायची आणि अलीकडेच पडायची. मग त्याची फांदीवरची पकड सुटायला लागली. भात वाढताना कधी तरी शेल्टरमधून धप्प आवाज यायचा. आणि एका शनिवारी ती मला हाताला धरून घेऊन गेली. "आई, बघ ना. तात्याला दोन कोपरं झालीत."

झाली होती. पुढच्या पायाचं हाड मधेच वाकलं होतं, जिथे सांधा नसतोच तिथे.

मला तेव्हाच कळलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर वाचलं— वाकलेले हातपाय, मऊ पडलेला जबडा, थरथर. प्रत्येक ओळ तात्याचीच होती. कारणही तिथेच लिहिलं होतं. उपायही— डॉक्टरकडे न्या, कॅल्शियम द्या, खरा प्रकाश द्या, लवकर. मी जनावरांच्या एका डॉक्टरकडे फोन लावला. पलीकडच्या बाईनं अगदी सौम्यपणे विचारलं, कुठला प्राणी आहे? तिनं पुन्हा विचारलं. मी फोन ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

घरी येऊन मी ईराला सांगितलं, म्हातारा झालाय तो. तात्या म्हातारा नव्हता.

पण ती माझीच मुलगी, सहज ऐकणारी नाही. तिनं स्वतः शोधलं. इंटरनेट काय फक्त मलाच येतं? संध्याकाळी मी घरी आले तर ती शेल्टरच्या दारात बसली होती, हातात किड्यांची पिशवी. ते तिचं काम होतं— किडे पिशवीत घालायचे, वर कॅल्शियमची पांढरी पूड, आणि हलक्या हातानं घोळवायचे. परीक्षेच्या दिवसांत ती काही वेळा पूड घालायला विसरली होती. आम्हाला माहीतही नव्हतं. तिनं ते आपण होऊन सांगितलं, रडत रडत. म्हणाली, "इट्स कॅल्शियम, आई. मी विसरले. इट्स मी."

आता ते सांगते, ज्यासाठी इतका वेळ इकडेतिकडे फिरतेय.

मी तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. आणि म्हटलं, "असू दे, बाळा. चुका होतात. मी नाही रागावणार."

मी तिला माफ केलं. माझ्या अपराधासाठी— तिला. आणि ती शांत झाली, माझ्या कुशीत, थँक्यू म्हणाली. माझ्या डोक्यावर साधी ट्यूब लख्ख जळत होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे सगळ्यात वाईट. मला बरं वाटलं.

नंतर मी धडपड केली. बँकॉकहून येणाऱ्या एका सहकाऱ्याला खोटंनाटं सांगून खरी ट्यूब मागवली, ईरा शाळेत असताना बसवली. फांद्या खाली आणल्या, तळाला टॉवेल अंथरला. नवरा ड्रॉपरनं कॅल्शियमचं औषध पाजायचा. तात्याचा जबडा इतका मऊ झाला होता की बोटाखाली दबायचा. पण वाकलेलं हाड सरळ होत नाही. आम्ही तिघं त्याच्याभोवती बसून राहायचो. करण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते मी करणार नव्हते— त्याला उचलून, टॅक्सीत घालून, डॉक्टरच्या दारात न्यायचं आणि नाव सांगायचं. रोज सकाळी वाटायचं, आज न्यावं. रोज मी ऑफिसला जायचे.

तो गेला तेव्हा दुपार होती. ईराच्या बोटाला धरून होता. त्याचा रंग फिकट होत गेला आणि पकड तशीच राहिली. ती बोटं तिनंच एकेक करून सोडवली. मला हात लावू दिला नाही.

माझा पास रिन्यू झाला. मी अजून त्याच बँकेत आहे.

ईरा आता माझ्याहून उंच आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या काकू आल्या होत्या. सुट्टीत त्या गावाला जाणार, त्यांच्याकडे हॅमस्टर आहे, ईरा आठवडाभर बघेल का म्हणून विचारायला. ईरानं नम्रपणे मान हलवली. म्हणाली, "नको, काकू. बेटर डोंट, लाह. मी लक्ष नाही ठेवू शकत. माझ्याकडे असलेला एक मेला होता." अगदी सहज म्हणाली, आपली उंची सांगावी तसं. काकू माझ्याकडे बघायला लागल्या.

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. आणि हसून म्हटलं, "हो, आमची ईरा जरा विसराळूच आहे."