धड्यातली बहीण

शिरगावच्या मासे विकणाऱ्या बायकांचा एक दंडक होता. पाटीमागे बसलेल्या बाईने तोंड पाडायचं नाही. मासळी नरम पडू दे, घरात पोर तापाने फणफणू दे, गिऱ्हाईक निम्म्या भावात मागून वर चार शब्द सुनावू दे, बाईने हसत राहायचं. तोंड पडलं की भाव पडला. पुष्पलता हे आईच्या पदराला धरून शिकली. इंग्रजी ती पुढे पालघरच्या शाळेत शिकली, आणि पहिल्या शिकवणीने दुसरीचा घात केला.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. दामू तांडेलाची ही मुलगी शाळेत उशिरा गेली, म्हणून धाकटा भाऊ एकनाथ तिच्याच वर्गात, दहावीत होता. दोघं बरोबरच पालघरला चालत जात. एकनाथचं पाठांतर दांडगं. पुष्पलतेला मात्र हा माणूस असा का वागला, हे कळल्याशिवाय धड्यात पुढे जाववत नसे. ही खोड शाळेत कुणालाच परवडत नाही.

इंग्रजीच्या पुस्तकात एका बहिणीचा धडा होता. विलायतेतल्या कुठल्याशा गावची ही मुलगी धाकट्या भावाला शिकता यावं म्हणून स्वतःची शाळा सोडते. पुढे भाऊ मोठा साहेब होऊन घरी येतो, सगळं गाव जमतं, आणि बहीण दारात हसत उभी असते. संपला धडा. वामन मास्तरांनी उत्तर फळ्यावर लिहून दिलं. बहीण प्रेमळ, सोशिक, त्यागी. धड्याचा आशय, त्यागातला आनंद. वर्गाने ते उतरवून घेतलं.

सहामाहीला तोच प्रश्न आला. एकनाथने फळा जसाच्या तसा कागदावर उतरवला. पुष्पलतेने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की ही बहीण आनंदी नाही. शाळा सोडशील का, असं तिला धड्यात कुणी विचारलेलंच नाही. ती हसते, कारण दारात माणसं जमली आहेत. आमच्या बायका बाजारात अशाच हसतात.

मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. मास्तर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर त्यांचा राग तरी करता आला असता. ते एक चांगले, हौशी, उत्तर आधीच ठाऊक असलेले गृहस्थ होते, आणि अशा माणसापुढे कुणाचं काही चालत नाही.

"अगं, ती हसली असं स्पष्ट लिहिलंय. हसणारी बाई दुःखी कशी असेल?"

"हसावं लागतं, मास्तर. समोर माणसं बघत असतात ना."

"मग काय, इंग्लंडातली बहीण मासळी विकायला बसली होती?"

वर्ग खिदळला, बाकं वाजली. निदान एकनाथ तरी हसणार नाही असं पुष्पलतेला वाटलं होतं. तो सगळ्यांच्या आधी हसला.

त्याच हिवाळ्यात आईच्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा मोडला. हात सुजला, बोटं आखडली ती कायमची. बाप होडीवर, मग मासळी बाजारात नेणार कोण? मासे विकायला पुरुष बसत नाही, त्यामुळे शाळा कुणाची सुटणार हे उघडच होतं. तरी दामू अडला. पोरगी हुशार आहे असं त्याला वाटे. माकुणसारची विधवा मावशी येऊन राहायला, बाजारात बसायला तयार होती, मॅट्रिकपर्यंतचे दिवस निघाले असते. इंग्रजी कळणारा एकच माणूस दामूच्या ओळखीचा. तो पोरीला घेऊन मास्तरांच्या घरी गेला.

"आमाला काय कळत नाय, मास्तर. तुमी सांगाल तसं करतो. हिला पुढं शिकवू का?"

पुष्पलता ओसरीच्या खांबापाशी उभी होती. एका शब्दाचं काम होतं. मास्तरांनी थोडा विचार केला, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"पोरगी गुणी आहे, दामू. पण वाचलेल्याचा अर्थ तिला लागत नाही. सोपा धडा उलटा समजते. एकनाथचं तसं नाही. मुलाला शिकव. ही समजूतदार आहे, घर सांभाळेल."

दुसऱ्या दिवशी पुष्पलतेने मासळीची पाटी उचलली.

एकनाथ मॅट्रिक झाला. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा तिथे कारकून म्हणून चिकटला, बोईसरला खोली घेऊन राहू लागला. शर्टाला वास लागतो म्हणून पालघरला आला तरी मासळी बाजार टाळून वळसा घेई. पुष्पलतेला स्थळं येत होती, पण मग पाटी कोण उचलणार, म्हणून दामू लांबणीवर टाकत राहिला. तिला संताप येई. तो गिळून ती भाव सांगे.

पुढे एकनाथचंच लग्न आधी ठरलं. मास्तरांना आमंत्रण देऊन तो त्यांना घेऊन बाजारात आला, कारण मास्तरांना चांगलं पापलेट हवं होतं. पुष्पलतेने पाटीतलं सगळ्यांत मोठं काढलं, कल्ले उघडून दाखवले आणि तोंडभर हसली.

मास्तर गहिवरले. "एकनाथ, तो बहिणीचा धडा आठवतो? ही बघ, हुबेहूब तीच. तोंडावर किती समाधान आहे." मग तिच्याकडे वाकून म्हणाले, "आता कळला ना धडा, पुष्पलते?"

"कळला, मास्तर," ती हसतच म्हणाली.

एकनाथने नाकाशी रुमाल धरला होता. मासा पिशवीत पडला आणि दोघं गर्दीत दिसेनासे झाले. शेजारच्या पाटीमागे बसलेली म्हातारी माई इतका वेळ पुष्पलतेच्या तोंडाकडेच बघत होती.

"गेले ते," माई म्हणाली. "आता पाड तोंड."

पण पुढे दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं होतं. पुष्पलतेने त्याला हसून भाव सांगितला.