सूनमुखाचा आरसा

मुलाचं लग्न ठरलं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी पेढा हातात घेऊन पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्या पार्लरमध्ये गेले आणि आरशासमोर उभं राहून जबड्याखालची कातडी दोन बोटांनी वर ओढून पाहिली. वर ओढली की चाळिशीची दिसत होते. सोडली की पन्नाशीची, म्हणजे होते तेवढ्याच वयाची. तीन-चार वेळा ओढली, सोडली आणि मग पेढा खाल्ला.

पार्लर पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या बाजूच्या एका गल्लीत. नव्वद सालच्या आगेमागे मी ते सुरू केलं तेव्हा गल्लीतल्या बायका मागच्या दाराने यायच्या आणि जाताना भुवया दिसू नयेत म्हणून पदर कपाळावर ओढून घ्यायच्या. पाच वर्षांत त्याच बायका पुढच्या पायरीवर रांगेत बसून एकमेकींना 'माझा नंबर आधी' म्हणायला लागल्या. मखमलाबादकडून भाजी घेऊन येणारी एक मळेवाली बाजार आटोपला की भुवया करायला यायची आणि दर वेळी बजावायची, "ताई, लय ओढू नका, डोळ्याला पानी येतं." मी म्हणायचे, "तुम्ही ताण नीट धरा, मग नाही येणार." थ्रेडिंगमध्ये अर्धं काम गिऱ्हाइकाचं असतं. एका हाताने कपाळ वर ओढायचं, दुसऱ्याने पापणी खाली धरायची. हजारो बायकांना 'ताण धरा, ताण धरा' म्हणत मी अठरा वर्षं काढली. कुणाची कातडी किती सैल झाली हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळायचं. गाल चिमटीत धरायचा आणि सोडायचा. चटकन जागेवर गेला तर ठीक, रेंगाळला तर वय झालं. या बाबतीत माझी बोटं चुकत नाहीत, आजही नाही.

लग्नसराईत मी नवऱ्या तयार करायला जायचे आणि शेवटपर्यंत थांबायचे, कारण सूनमुखाच्या वेळी पुन्हा एकदा पावडरीचा हात फिरवावा लागतो. लग्न लागलं की नवऱ्यामुलाची आई सुनेला शेजारी बसवते, समोर आरसा धरते, त्यात सुनेचं तोंड बघते आणि तिच्या तोंडात साखर घालते. पाहायचं असतं सुनेचं तोंड. पण आरसा दोघींना दाखवतो. एक बावीस-तेवीसची, माझ्या हातची, ताज्या फुलांतली. दुसरी मांडवातल्या धावपळीने उतरलेली. तेवढ्यात फोटोवाला म्हणतो, "दोघी आरशात बघा." बहुतेक सासवा सुनेकडे क्षणभर बघायच्या आणि स्वतःकडे बराच वेळ. मी मागे उभी राहून गालातल्या गालात हसायचे आणि कानाशी सांगायचे, "आरसा जरा वर धरा, मान आपोआप उचलते." अशा किती विहिणींच्या हनुवट्या मी वाचवल्या असतील.

आता माझी पाळी आली होती आणि मला हसू येत नव्हतं.

माझ्या स्वतःच्या सूनमुखाची मला एकच गोष्ट आठवते. सासूबाई हसल्या नाहीत. ओठ घट्ट मिटलेले, नजर करडी. सगळा मांडव हसत होता आणि आरशात माझ्या शेजारी तो एक चेहरा दगडासारखा. मी बावीस वर्षांची होते. यांना मी पसंत नाही, असं त्या क्षणी ठरवून मोकळी झाले. त्यांनी नंतर मला कधी टाकून बोललेलं नाही. पार्लरसाठी घरातली सगळ्यात चांगली, उजेडाची खोली त्यांनीच रिकामी करून दिली. तरी काही बिनसलं की मला आधी तो चेहरा आठवायचा. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्या ऐंशीला टेकल्या होत्या, कवळी लावून कुरुमकुरुम चिवडा खात होत्या, आणि माझ्या मनातला तो चेहरा अजून तसाच घट्ट होता.

तर सूनमुखात माझं तोंड लटकलेलं दिसता कामा नये, एवढं मी पक्कं केलं. आतून उष्णता देऊन कातडी आवळणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सीच्या मशीनची टूम नुकतीच आली होती. पार्लरला मशीन विकायला एक माणूस बॅग घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, एका सिटिंगमध्ये दहा वर्षं कमी." मी म्हटलं, "मग आधी तुमच्या गालावर लावा, मी बघते." त्याने नुसतं हसण्यावारी नेलं. माझ्या हाताच्या पाठीवर लावून दाखवलं तर नुसता चटका. कातडीच्या आत उष्णता किती जाते, थांबवायचं कधी, भाजलं तर काय करायचं, यातलं त्याला काही सांगता येईना. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. जे मला समजत नाही ते मी कुणाच्या चेहऱ्यावर फिरवत नाही, स्वतःच्या तर नाहीच.

मग कॉलेज रोडवरच्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरकडे नंबर लावला. लग्नाला पाच आठवडे होते. आदल्या दिवशी मी एक उद्योग केला. डॉक्टरकडे जायचं, त्यातून पार्लरवाली, तर तोंड कसं स्वच्छ हवं. म्हणून स्वतःच स्वतःला ब्लीच केलं, वर स्क्रब आणि फेशियल. मोलकरीण यायच्या आधी घर आवरून ठेवावं तसा हा प्रकार.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाची मुलगी. तिने दिवा माझ्या तोंडावर वळवला आणि विचारलं, "काकू, काल काय लावलं होतं?" मी सांगितलं. ती कपाळाला हात लावायचीच बाकी होती. म्हणाली, "अशा सोललेल्या कातडीवर मी उष्णता देणार नाही. दोन आठवडे काही लावू नका, मग या." अठरा वर्षं दुसऱ्यांना 'काही करायच्या आधी मला विचारा' म्हणून दटावणारी मी, तिथे शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून बसले.

पण आलेच होते तर सगळं विचारून घेतलं. तिनेही गाल चिमटीत धरून सोडला, अगदी माझ्यासारखाच, आणि मला ती आवडली. तिने गोडगोड बोलायचा प्रयत्न केला नाही. म्हणाली, कातडीच्या आतला थर तापवतात, तो थोडा आवळतो आणि पुढच्या काही महिन्यांत नवा भरतो. फरक पडतो तो हळूहळू आणि बेताचा. थोडी सैल कातडी सावरते, लोंबणारी वर जात नाही. एकदा करून भागत नाही, काही वेळा यावं लागतं. लाली, सूज येते आणि उतरते. क्वचित भाजतं, क्वचित खळगा पडतो. "तुमचा जबडा याला योग्य आहे," ती म्हणाली. "पण लग्नाला दिसेल असं काही होणार नाही."

मी म्हटलं, "दोन आठवड्यांनी एकदा करून घेते. थोडं तरी आवळेल."

"काकू, तुम्ही तुमच्या नवरीला शेवटच्या महिन्यात नवीन काही लावू देता?"

माझ्या पार्लरच्या भिंतीवर हा नियम मी स्वतःच्या अक्षरात लिहून लावला होता. मोठ्या मोठ्या घरच्या मुलींना मी त्यावरून परत पाठवलं होतं. पुढे वर्षभराने, घाईगडबड नसताना, मी ते तिच्याकडेच करून घेतलं. ती म्हणाली होती तेवढाच फरक पडला, तिळाएवढाही जास्त नाही आणि कमीही नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण ते वर्षभराने. त्या दिवशी मी रिक्षात बसून घरी आले ती दुसरा बेत मनात ठरवूनच.

मशीन नाही तर नाही, माझी विद्या होती. तीन आठवडे रोज दुपारी पार्लर रिकामं झालं की मी आरशापुढे बसायचे. हनुवटी एक बोट पुढे, मान ताठ, जीभ टाळूला चिकटवलेली, ओठ मिटलेले, गाल आतून किंचित ओढलेले. असं धरलं की जबड्याची रेघ सुरीसारखी निघायची. हसलं की सगळं मुसळ केरात, दोन्ही बाजूंना पिशव्या. म्हणून हसायचं नाही, हेही ठरवलं. नवरा एकदा दारात उभं राहून बघत होता. म्हणाला, "दाढ दुखतेय का तुझी?" मी उत्तर दिलं नाही, कारण बोललं की ताण सुटतो.

लग्न औरंगाबाद रोडच्या एका लॉन्सवर होतं. सून सटाण्याकडची, सावळी, मोठ्या डोळ्यांची. तिला तयार केलं ते मीच. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार होते थोडीच. लग्न लागलं, माणसं जेवायला उठली आणि आम्ही सूनमुखाला बसलो. सासूबाईंना पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. मी आरसा घेतला, बरोब्बर कपाळाच्या वर धरला, हनुवटी पुढे, जीभ टाळूला. रेघ निघाली. फोटोवाल्याने दोन फोटो काढले. मी आरशात माझा जबडा बघत होते आणि मनात म्हणत होते, जमलं.

मग नजर शेजारी गेली. सून आरशात माझ्याकडे बघत होती. माझ्या जबड्याकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे, ओठांकडे. काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. बघता बघता तिचा चेहरा उतरला, माझ्या हातचा सगळा मेकअप असूनही. तिने पापण्या खाली केल्या आणि मला एकटीला ऐकू जाईल एवढ्या हळू विचारलं, "आई, माझं काही चुकलं का?"

मी आरशात पुन्हा स्वतःकडे पाहिलं, या वेळी तिच्या जागेवरून. ओठ घट्ट मिटलेले, नजर करडी. तो चेहरा मी अठ्ठावीस वर्षं ओळखत होते.

जीभ टाळूवरून सुटली. "नाही गं बाळा," मी म्हटलं, "मी तोंड आवळून बसले होते, म्हातारी दिसू नये म्हणून." तिला आधी कळलं नाही, मग कळलं आणि ती खुदकन हसली. मीही हसले. दोन्ही पिशव्या, दुसरी हनुवटी, सगळं आरशात आलं. मग मी तिच्या तोंडात साखर घातली. फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढला आणि तोच आज पार्लरमध्ये लावलेला आहे.

आरसा खाली ठेवला आणि सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले. लाजबीज काही वाटली नाही. "आई, माझ्या सूनमुखाला तुम्ही हसला का नव्हतात?"

त्यांनी कवळीवर बोट ठेवलं.

"ही तेव्हा कुठे होती? पुढचे दोन दात लग्नाच्या महिनाभर आधी पडले होते. हसले असते तर तुझ्या माहेरच्यांनी भगदाड बघितलं असतं." आणि मग म्हणाल्या, "तुला काय वाटलं होतं?"

मला काय वाटलं होतं ते, आणि आत्ता आरशात सुनेने मला काय विचारलं ते, दोन्ही मी त्यांना सांगितलं. मी त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसले, शालू चुरगळेल याचा विचार न करता, आणि डोळे पुसले. काजळ गालावर उतरलं असणार. त्यांनी माझा गाल चिमटीत धरला, सोडला आणि म्हणाल्या, "तुझ्या सुनेने लगेच विचारलं बघ. तू कधी विचारलंच नाहीस."