सासूबाई वाजतात कुठून

गल्लीत असं बोललं जातं की आमची मावशी रोज सकाळी तिच्या जुन्या पिकअपशी गप्पा मारते. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई तर त्याच्याही पुढे गेल्या आहेत: पिकअप उत्तरही देते म्हणे, आणि मावशीपेक्षा मोजकं बोलते.

यातलं काही खरं नाही. मावशी पिकअपशी बोलत नाही, ती पिकअपसारखी बोलते. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून गाडीचा आवाज तोंडाने काढते. पुन्हा ऐकते, पुन्हा काढते. जुळला की समजायचं, दुखणं सापडलं. 'खुर्रर्र-टक' म्हणजे पट्टा सैल. 'घुंऽऽ' आणि मागून एक उचकी, म्हणजे डिझेलच्या फिल्टरमध्ये कचरा. मग तोच आवाज फोनवरून मिस्त्रीला ऐकवायचा. शिंपीणबाईंना ऐकू येतं ते उत्तर मावशीचंच असतं, फक्त गळा गाडीचा असतो.

आवाजाचे एवढे लाड कशाला, तर मावशी काचा वाहते. खिडक्यांच्या, दुकानांच्या, टेबलांवरच्या. गाडी वयाने एवढी मोठी की तिच्यासोबतच्या बाकीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. पण मावशीने तिला हळूहळू गादीसारखी करून ठेवली आहे. हौद्यात काचा टेकवायला लाकडी घोडा, त्याला जुन्या सतरंजीचं अस्तर. मागच्या चाकांवरच्या पोलादी पाट्यांपैकी एक काढून टाकला, त्यामुळे गाडी उसळायची थांबली. फाळक्याच्या कडांना सायकलची ट्यूब कापून चिकटवली. गाडीत जे वाजतं ते हलतं आणि जे हलतं ते एक दिवस काच फोडतं, असा तिचा हिशेब. म्हणून नियमही एकच: ओळखीचा नसलेला आवाज गाडीत असेपर्यंत काच चढवायची नाही.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, जन्मभर कचेरीत होते. नुकतेच निवृत्त झाले, पण जीभ अजून कामावर जाते. गाडीला ते 'सदर वाहन' म्हणतात. चिडले की मात्र 'सासूबाई', कारण जुनी, जड आणि कायम बायकोच्या बाजूची. आजीच्या कानावर हे अजून गेलेलं नाही, म्हणून घर शांत आहे. घरी बसून करायचं काय, म्हणून काका मावशीच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसायला लागले.

आणि त्याच सुमाराला गाडीत एक नवा आवाज शिरला.

ट्च.

बारीक, कोरडा. खड्डा आला की ट्च, गतिरोधक आला की ट्च ट्च. मावशीने तो तोंडाने काढून पाहिला. पहिल्याच झटक्यात हुबेहूब जमला. दुखणं मात्र सापडेना. असं कधी झालं नव्हतं.

नेमका तेव्हाच काचवाल्या शेठचा फोन आला. शेठ इतकं हळू बोलतात की शब्दाला तडा जाईल अशी भीती असावी. त्यांनी कुजबुजत सांगितलं की नाचाच्या शाळेसाठी भिंतभर आरसा आहे, एकसंध, शनिवारी न्यायचा आहे. गाडीत आवाज आहे असं कानावर आलंय. आवाज नाही म्हणालीस तर आरशाचं काम तुझं. नाहीतर नव्या बंद गाडीवाला तयार आहे, आणि पुढची मोठी कामंही मग त्याच्याकडेच.

काकांनी त्याच संध्याकाळी घरी विषय काढला. सदर वाहनास एक गिऱ्हाईक आलं आहे. मोठी कामं जाणार असतील तर त्यावर विचार व्हावा. मावशी उठली, पाना घेतला आणि खाली गेली.

आठवडाभर तिने गाडी नुसती पिळून काढली. डॅशबोर्ड दोनदा उघडला, दोनदा बसवला. सायलेन्सरचे पट्टे आवळले. दारांच्या आत कापूस भरला. जॅक, पाने, पाण्याची बाटली, सगळ्यांना फडक्यात गुंडाळलं. ओळीने मांडलेली ती बाळंतिणीच्या खोलीतली पोरं वाटत होती. मिस्त्रीच्या गॅरेजवर नेली तर गाडी देवासारखी शांत. मिस्त्रीने चार चकरा मारल्या, एकही ट्च नाही. घरी येताना काका शेजारी बसले, लगेच ट्च.

मिस्त्रीचं प्रत्येक वाक्य 'विषय असा आहे'ने सुरू होतं, मग विषय कुठलाही असो. "विषय असा आहे ताई," तो म्हणाला, "डाव्या बाजूला वजन पडलं की वाजते." त्याने काकांच्या वजनाचं वाळूचं पोतं भरलं आणि सीटवर ठेवलं. मावशीने त्याला पट्टाही लावला. सगळा बाजार फिरून आले. पोतं गप्प, गाडी गप्प. आपल्या जागी पोतं बसलेलं काकांनी गॅलरीतून पाहिलं आणि दुपारचा चहा घेतला नाही.

"विषय असा आहे," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "हिला वजन नकोय. हिला माणूस पाहिजे."

शुक्रवार उजाडला. मावशीने शेठना फोन करायचं ठरवलं. खोटं बोलायचं नव्हतं, तेव्हा कामालाच नाही म्हणायचं. फोन करण्याआधी शेवटची एक चक्कर म्हणून ती काकांना घेऊन निघाली. पिठाच्या गिरणीपुढे रस्त्यात मोठा खड्डा आहे. तो लांबून दिसला तशी तिने गाडी हळू केली, अगदी गोगलगायीसारखी. आणि ऐकलं.

ट्च.

चाक अजून खड्ड्यापासून गाडीभर लांब होतं.

मावशीने ब्रेक दाबला. खड्ड्यात पडण्याआधीच वाजणारी गाडी तिने आयुष्यात पाहिली नव्हती. गाडीला खड्डा दिसत नाही. गाडीत ज्याला दिसतो, तो तिच्या डावीकडे बसला होता आणि मान हलवत होता.

"अहो, पुढे बघा बरं," ती म्हणाली. "तो दुसरा खड्डा बघा."

काकांनी बघितलं. "ट्च," काकांची जीभ म्हणाली.

पुढची बरीच मिनिटं गाडी गिरणीपुढे उभी होती. गिरणीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला, कारण मावशी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होती आणि त्याला वाटलं, बाईंना काहीतरी झालं. काकांना पटायला वेळ लागला. सदर आवाज आपल्या मुखातून निघत नाही, असं ते म्हणत होते. आणि म्हणून झाल्यावर जीभ टाळूला लावून नाराजीने पुन्हा तोच आवाज काढत होते.

"डॅशबोर्ड दोनदा उघडला मी," मावशी डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या तोंडात पाना घालायला हवा होता."

"मग खड्डे चुकवत जा की."

"चुकवते. तुम्ही त्याच्या आधीच वाजता."

तिने तिथूनच शेठना फोन लावला आणि सांगितलं, गाडीत आवाज नाही. हे अक्षरशः खरं होतं.

पण काकांना घरी ठेवायला ती तयार होईना. एकदा पोतं बसवून झालं होतं, पुन्हा नको. संध्याकाळी मी तिला म्हटलं, मग फसलीसच. भिंतभर आरसा, वाटेत एवढे खड्डे. काका एकदा तरी वाजणार आणि तू दचकून ब्रेक मारणार. मावशी म्हणाली, एकदाही वाजणार नाहीत. मी म्हटलं, पैज. हरणाऱ्याने महिनाभर गाडीखाली झोपून पाट्यांना ग्रीस लावायचं.

शनिवारी तिने काकांना पुढे बसवलंच नाही. आरसा घोड्यावर चढवला, खालून सतरंजी, वरून दोऱ्या. मग काकांना हौद्यात आरशासमोर स्टूल दिलं. "दोरीवर हात ठेवा आणि आरशावरची नजर हलवू नका. तुमच्याइतकं बारीक कुणी बघत नाही." काका ताठ बसले. शेजारी मी, कान टवकारून.

गाडी निघाली. गिरणीपुढचा खड्डा आला आणि गेला. काकांना तो दिसलाच नाही, कारण त्यांना रस्ता दिसतच नव्हता. दिसत होते ते स्वतः, डोक्यापासून बुटापर्यंत. आधी त्यांनी कॉलर सारखी केली. गतिरोधकावर भांग पाडला. मोठ्या वळणावर ते थोडे तिरके झाले आणि बाजूने कसे दिसतो ते पाहिलं. हौदा पाळण्यासारखा डुलत होता. दोरीवरचा हात मात्र त्यांनी एकदाही काढला नाही.

"गाडी चांगली चालते की," ते आरशातल्या काकांना म्हणाले. खिशात फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं. काका त्याला म्हणाले, "सदर वाहन विक्रीस नाही. सासूबाई का कोणी विकतं?"

नाचाची शाळा समोर दिसायला लागली. आता शेवटचं गटारावरचं झाकण राहिलं होतं. काकांचा तो ट्च मला झोपेतही काढता येतो. जीभ आपोआप टाळूला लागली. तेवढ्यात आरशाच्या कडेला मावशीचे दोन डोळे दिसले, थेट माझ्या तोंडाकडे बघणारे. केबिनची मागची खिडकी, तिच्यापुढचा छोटा आरसा आणि हा भिंतभर आरसा, सगळं तिने आधीच जुळवून ठेवलं होतं.

मी जीभ खाली घेतली. झाकण चाकाखालून गुपचूप गेलं.

गाडीखाली झोपलं की ग्रीस नेमकं कपाळावरच पडतं. वरून काका झुकून बघतात, आणि म्हणतात, "ट्च."