बाहेरची शिवण

माझी थोरली जाऊ भांडकुदळ आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि तीही "बरं मग" म्हणून मोकळी होते. आम्ही दोघी एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर टीशर्ट शिवतो, त्यामुळे घरचं भांडण अर्धं राहिलं तरी कामावर पुरं करता येतं.

तिची एकुलती एक लेक भिंगरी. लहानपणी उभ्या जागी गरगर फिरायची, म्हणून हे नाव पडलं. आता विशीत आहे. ऑटिझम आहे, बोलते मोजकं, पण धावायला लागली की कुणाच्या बापाला सापडत नाही. अंगाला शिवण किंवा लेबल घासलेलं मात्र तिला अजिबात खपत नाही, चटका बसल्यासारखी कपडे भिरकावते. म्हणून जाऊबाई तिच्या कपड्यांची शिवण बाहेरच्या अंगाला घेते. बघणाऱ्याला वाटतं, पोरीने उलटं घातलंय. वाटू दे.

ऑटिझमवरच्या संशोधनासाठी निधी जमवायला शर्यत ठरली आणि टीशर्टची ऑर्डर आमच्याच कारखान्यात आली. जाऊबाईने मायलेकींची नावं दिली. कारखान्यातल्या बायकांकडून वर्गणी अशी वसूल केली की नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. आणि भिंगरीचा टीशर्ट तिने सुपरवायझरच्या नाकावर टिच्चून वेगळा शिवला. छपाई बाहेर, शिवणही बाहेर, आतून सगळं गुळगुळीत.

शर्यतीच्या सकाळी नंबर वाटणाऱ्या बाईंनी नेमका तोच हेरला. हा पीस खराब आहे म्हणाल्या, हिला दुसरा घाला, नाहीतर नंबर मिळणार नाही, फोटोत सगळे सारखे दिसले पाहिजेत. दुसरा घातला तर पोर दोन पावलंही धावायची नाही, हे मी समजावायला गेले. त्यांनी हसून व्यासपीठाकडे बोट दाखवलं. तिथे अशा मुलांसाठी प्रमुख पाहुण्यांशेजारी खुर्च्या मांडल्या होत्या. हिने कशाला दमायचं, म्हणाल्या, हिच्यासाठीच तर सगळे धावणार आहेत.

तेवढ्यात पाहुणे माईकवरून सांगू लागले की या मुलांना बिचाऱ्यांना दुसऱ्याचं दुखलंखुपलं कळत नाही, आपणच त्यांना समजून घ्यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊबाई मात्र शांत होती, आणि ती शांत झाली की मला धडकी भरते.

"बाई, हे सगळे टीशर्ट आम्हीच शिवलेत," ती म्हणाली. "खराब कुठला ते मला कळतं. खुर्चीवर तुम्ही बसा. माझी पोर धावणार."

टेबलावरचे दोन नंबर उचलून ती चालू लागली. बाई मागून 'अहो, अहो' करत राहिल्या. पिन टोचेल म्हणून तिने कमरेच्या पिशवीतून सुईदोरा काढला आणि चार टाके घालून पोरीच्या टीशर्टवर नंबर टाचला, स्वतःचा कसाबसा अडकवला.

शिट्टी झाली आणि भिंगरी सुटली. आई पहिल्याच वळणावर मागे पडली. चांगल्या चांगल्या तालीमबाजांना मागे टाकून पोरगी परत आली, तेव्हा दोरीपलीकडे उभी राहून मी घसा बसेपर्यंत ओरडले. ती मात्र व्यासपीठाच्या पायरीशी थांबली आणि रस्त्याकडे बघत आईची वाट पाहू लागली.

जाऊबाई बऱ्याच वेळाने उगवली, लालबुंद, धापा टाकत. सरळ व्यासपीठावर चढली, पाहुण्यांशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि त्यांच्याकडेच पाणी मागितलं. त्यांनीही माईक बाजूला ठेवून पाणी दिलं.

भिंगरी तिच्या मागोमाग वर आली. आईच्या अंगात सगळ्यांसारखाच टीशर्ट होता. पोरीने मागून त्या टीशर्टच्या गळ्यात बोट घालून पाहिलं. घामात लेबल घासून मान लाल झाली होती.

"आईला टोचतंय," ती म्हणाली. माईक चालूच होता, सगळ्या मैदानाने ऐकलं.

त्या भांडकुदळ बाईच्या डोळ्यांना धार लागली. कमरेच्या पिशवीतून दोरे कापायची छोटी कात्री काढून तिने लेकीच्या हातात दिली. भिंगरीने मानेला धक्का न लावता लेबल कापलं. जाऊबाईने ते पाहुण्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे न्या," ती म्हणाली. "पुढच्या भाषणाला बरोबर ठेवा."