पान वाढलंय

जोह्याचा गुणाजी देवाला दृष्टी द्यायचा. माती दुसरे मळत, साचे दुसरे भरत, पीतांबराला रंग दुसरे चढवत; पण सगळं झालं, मूर्ती उभी राहिली, की कारखान्यातला गलका आपोआप थांबे आणि गुणाजी पुढे सरके. मांडीवर रंगाची वाटी, बोटांत दोन केसांचा कुंचला. डोळ्यांची आखणी सुरू होई. तोवर जी नुसती माती होती, ती पाहू लागे. आणि ती पाहू लागली, की न सांगता माणसांचे हात जुळत. चाळीस वर्षं ही सेवा. जोहे-हमरापूरला घरोघरी गणपती घडतात, पण आखणी म्हटली की पेणपर्यंत नाव एकच निघे.

आखणीला बसण्याआधी गुणाजी पोटभर जेवे. उपाशी पोटी त्याचा हात थरथरे, आणि रेघ केसभर चुकली तर देव तिरळा पाहील! पण कामात बुडालेल्या माणसाला स्वतःची भूक कुठली कळायला? ती कळे सरूला, त्याच्या बायकोला. भात उतरला की ती दारात येऊन हाक घाली, "अवो, पान वाढलंय!" त्या हाकेसरशी तो उठे. हाक आली नाही तर तिसरा प्रहर होवो, हा जागचा हलत नसे. कारखान्यातले गडी हसत, "गुणाजीचं पोट सरूवैनीच्या गल्यात हाय!"

मायबापहो, अन्न पोटाचं असतं, पण जेवण हाकेचं असतं. सरू गेली, त्याला आता दीड वर्ष झालं. गेल्या चतुर्थीला गुणाजीने कुंचला एकदाच उचलला. हात थरथरला, तसा खाली ठेवला. आखणी प्रविणने केली, त्याच्या मुलाने. सूनबाई भूमिका वेळेवर ताट आणी, झाकून ठेवी, आपल्या कामाला जाई. तिच्या मायेत उणं काही नव्हतं. ताट होतं, भात होता, हाक तेवढी नव्हती.

यंदा बंगळुरूच्या मराठी मंडळाची मोठी मूर्ती ओलाव्याने उशिरा सुकली आणि डोळ्यांविनाच ट्रकमधून पुढे गेली. उद्या चतुर्थी, आज संध्याकाळी आखणी व्हायलाच हवी. मंडळाने विमानाचं तिकीट धाडलं, सोबत निरोप: डोळे गुणाजींच्याच हातचे हवेत. प्रविणच्या अंगावर इथल्या मूर्ती होत्या.

"बाबा, जमंल ना?" त्याने विचारलं.

"जमंल. देवाला आंधला ठेवू काय?"

तोंडाने हो म्हटलं. हाताने अजून म्हटलं नव्हतं.

असा गुणाजी सदुसष्टाव्या वर्षी, धोतर-टोपीत, मुंबईच्या विमानतळावर एकटा उभा राहिला. जवळ दोनच वस्तू: कुंचल्यांची लाकडी पेटी आणि भूमिकेने पहाटे थापलेल्या तांदळाच्या भाकऱ्यांची पिशवी, आत वालाचं बिरडं. सामान घेणाऱ्या मुलीने विचारलं, "आजोबा, यातलं काय आत पाठवायचं, काय हातात ठेवायचं?" दोन्ही हातात नेता येईल का, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. देवाचे डोळे ज्या केसांनी उमटतात, ते सामानाच्या ढिगात लोटायचे? त्याने पेटी छातीशी धरली आणि पिशवी सरकत्या पट्ट्यावर ठेवली. भाकऱ्या डुलत डुलत पडद्याआड गेल्या. आपण काय केलं हे त्याला तासाभराने उमगलं, पोटात खड्डा पडल्यावर. त्यात विमान दोन तास उशिरा.

जेवणाचा भाग केवढा तरी मोठा! उजळलेल्या पाट्या, पावात कोंबलेलं काही, काचेमागे गार पडलेलं काही. शेकडो माणसं खात होती, एकेकटी, मान खाली घालून. कुणी कुणाला 'बस' म्हणत नव्हतं, 'आणखी घे' म्हणत नव्हतं. दोन दुकानांत भात नव्हता. तिसऱ्या ठिकाणी त्याने विचारलं, "वरणभात हाय काय गो?"

"दाल राइस आहे, सर," मुलगी म्हणाली. तिने एक काळी तबकडी त्याच्या हातात दिली, पुढे काहीतरी सांगितलंही. पण ते मिक्सरच्या आवाजात विरलं. असेल बिल्ला, म्हणून गुणाजी ती मुठीत धरून टेबलाशी बसला. समोर रिकामी खुर्ची.

थोडा वेळ गेला आणि हात थरथरू लागला.

आधी तळवा, मग मनगट, मग पार कोपरापर्यंत. त्याने मूठ घट्ट आवळली, टेबलाखाली दडवली, दोन मांड्यांत दाबून धरली. थरथर क्षणभर थांबे, पुन्हा उठे. त्याने डोळे मिटले. देवा, इथेच ही गत, तर तुझ्या पापणीवर मी काय करीन? तिरळा करून ठेवीन तुला? त्यापेक्षा इथूनच परत गेलेलं बरं. डाव्या हाताने त्याने फोन काढला आणि प्रविणचं नाव शोधू लागला.

"काका, बरं नाय वाटत काय?"

टेबल पुसणारी एक बाई, गणवेशातली, ओला फडका हातात.

"काय नाय गो. हात कापतोय."

त्या 'गो'ने तिचा फडका थांबला. "कंच्या गावचे तुमी?"

"जोहे. पेणजवल."

"मी रोह्याची! वरश्याची. दिपिका. बघू हात."

लहान मुलासारखा त्याने हात वर आणला, मूठ उघडली. तळव्यावर तबकडी लाललाल उजळत होती, भुंग्यासारखी गुणगुणत होती. दिपिकाने तोंडावर हात धरला, तरी हसू फुटलंच.

"अवो, हात नाय कापत तुमचा! ही चकती कापते. जेवण तयार झालं की ती अशीच बोलावते. उठा, पान वाढलंय तुमचं!"

हाकेसरशी गुणाजी उठला. भगवंत कोणत्या गळ्यातून हाक घालील, याचा काही नेम आहे?

"तू जेवलीस काय गो?" त्याने विचारलं.

"शिफ्ट सुटल्यावर. जावा, गार व्हईल." आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली, त्याच्या पुढच्याकडे, मग गर्दीत दिसेनाशी झाली.

त्याने तबकडी परत दिली, ताट आणलं. पहिला घास कडेला काढून ठेवला, सरूचा. भाताला घरच्या तांदळाचा वास नव्हता, वरणात मीठ बेताचं. पण भात ऊन होता. तो सावकाश जेवला, शीतसुद्धा न टाकता. समोरच्या खुर्चीवर कुणी येऊन बसलं नाही.

हात धुऊन त्याने पेटी उघडली. सर्वांत बारीक कुंचला कोरडाच बोटांत धरला आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर, हवेत, एक पापणी ओढली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. टोक कुठेही हललं नाही.

आजूबाजूला तबकड्या लाल होत होत्या, माणसं उठून जात होती. त्याचा तळहात मोकळा होता. त्याने कुंचला पुसून पेटीत ठेवला आणि, चुलीपुढून सरू उठायची तसा, गुडघ्यावर हात टेकून उठून विमानाकडे निघाला.